चित्रपटाची नामावली: पहिल्या दोन मिनिटांत प्रेक्षकाला गोष्टीच्या लयीत कसं आणायचं

सातारा-सांगली भागात आता गावोगावी चित्रपट होतात. कॅमेरा भाड्याने मिळतो, एडिटिंग घरच्या लॅपटॉपवर होतं, कलाकार तालमीतले किंवा एकांकिका स्पर्धांतले असतात. संहितेवर महिनोन्‌महिने काम होतं. नामावली, म्हणजे सुरुवातीला पडद्यावर येणारी नावं आणि त्यांच्यामागचं दृश्य, मात्र शेवटच्या रात्री उरकली जाते: गावावरून फिरणारा ड्रोन, त्यावर बासरी आणि सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून असलेली सोनेरी अक्षरं. कौटुंबिक किंवा सामाजिक ड्रामा करणाऱ्यांचं यात मोठं नुकसान होतं, म्हणून हा लेख सविस्तर लिहितो आहे.

चित्रपट बघायला आलेला माणूस बाहेरचा वेग घेऊन आत येतो. गाडी लावायला जागा शोधलेली असते, पोराने पॉपकॉर्नसाठी हट्ट धरलेला असतो, खिशातला फोन थरथरत असतो. मारामारीच्या चित्रपटाला तो वेग चालतो. पण दोन भावांची वाटणी, नव्या सुनेचं एकटेपण, निवृत्त मास्तरांचा अबोला अशी गोष्ट असेल, तर त्या वेगात पहिला प्रसंग निसटून जातो. नामावलीचं खरं काम म्हणजे प्रेक्षकाचा वेग बदलणं. आपण ज्याला मूड म्हणतो तो त्यातूनच तयार होतो. रंग, अक्षरं, संगीत ही सगळी त्या कामाची साधनं.

सांगलीच्या मातीला हे नवं नाही. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली इथे ‘सीतास्वयंवर’ रंगमंचावर आणलं तेव्हाही आख्यान एकदम सुरू होत नव्हतं. आधी सूत्रधाराचं मंगलाचरण, मग विदूषक, गणपती, सरस्वती आणि त्यानंतर कथा. तमाशातही वगाच्या आधी गण आणि गौळण येते. ढोलकी गणाची लय धरते तशी समोरच्यांची कुजबुज थांबते. आपल्याकडच्या प्रेक्षकाला सुरुवातीला वेळ द्यायची सवय आहे, फक्त तो वेळ सत्कारणी लागला पाहिजे.

आधी ठरवा: वेग आणि अंतर

संहिता पक्की झाली की एका कागदावर दोन गोष्टी लिहा. पहिली, पहिला प्रसंग सुरू होताना प्रेक्षकाचा वेग कसा हवा: संथ, अस्वस्थ, की घाईचा? दुसरी, त्याने पात्रांकडे किती अंतरावरून बघायचं: घरात बसून, उंबऱ्यावरून, की रस्त्याच्या पलीकडून? ‘भावुक’, ‘हृदयस्पर्शी’ असले शब्द त्या कागदावर नकोत. त्यावरून कॅमेरामनला लेन्स निवडता येत नाही आणि संकलकाला शॉटची लांबी ठरवता येत नाही. ‘संथ, पण अगदी जवळून’ असं लिहिलं तर दोघांनाही लगेच कामाला लागता येतं.

याची तीन जुनी उदाहरणं जरूर अभ्यासावीत. सत्यजित राय यांच्या ‘चारुलता’ (१९६४) मध्ये नामावलीभर फक्त रुमालावर भरतकाम करणारे हात दिसतात. सुई वर येते, खाली जाते आणि ‘बी’ हे इंग्रजी अक्षर हळूहळू भरत जातं. नामावली संपल्यावर चारू घरभर फिरते, खिडक्यांच्या फटींतून दुर्बिणीने रस्त्यावरची माणसं बघते. तिच्याकडे वेळ किती रिकामा पडला आहे हे सांगायला संवाद लागत नाही, कारण तो वेळ आपण तिच्या हातांसोबत घालवलेला असतो.

‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ (१९६२) ची नामावली स्टीफन फ्रँकफर्ट यांनी केली. लहान मुलाची सिगारची जुनी पेटी, त्यातल्या गोट्या, घड्याळ, बाहुल्या, सगळं इतक्या जवळून की गोटी पडदाभर होते, आणि मूल स्वतःशीच गुणगुणतंय. मोठ्यांच्या जगातला अन्याय आपण मुलांच्या उंचीवरून बघणार आहोत हे तिथेच ठरतं. याच्या उलट ‘रेजिंग बुल’ (१९८०): रिंगमध्ये एकटा मुष्टियोद्धा, संथ गतीत, दोरांच्या पलीकडे. चित्र काळंपांढरं, त्यावर मास्काग्नी यांच्या ऑपेरातलं हळवं संगीत. माणूस हिंसक आहे आणि आपण त्याच्यापासून लांब उभे आहोत. तिन्ही चित्रपटांत कुठलीही गोष्ट ‘सांगितलेली’ नाही. प्रत्येकात एकच कृती किंवा एकच वस्तूंचा संच आहे, आणि वेग नि अंतर दोन्ही चोख आहेत.

मग कृती शोधा

ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची, तिच्यावर घाई करू नका. नामावलीसाठी निवडलेल्या कृतीला मी तीन कसोट्या लावतो. ती चित्रपटाच्या जगातलीच हवी, बाहेरून आणलेली नको. तिला स्वतःचा वेळ लागला पाहिजे, म्हणजे शॉट लांबवायला आपल्याला युक्त्या कराव्या लागत नाहीत. आणि ती पहिल्यांदा बघताना पूर्ण कळता कामा नये. थोडं कुतूहल उरलं की प्रेक्षक नावं वाचत थांबतो.

एक कल्पित चित्रपट घेऊ. सांगलीजवळ हरिपुरातलं घर. वडील गेलेत. थोरला भाऊ मार्केट यार्डात अडतीच्या दुकानी बसतो, धाकटा शेती बघतो. वडिलांनी पेवात ठेवलेली हळद आता काढायची आहे आणि तिथून वाटणीला तोंड फुटणार आहे. हरिपूरची पेवं प्रसिद्ध होती: जमिनीत खोल खणलेला खड्डा, तोंड अरुंद आणि पोट मोठं. २००५ च्या महापुरात त्यांतली पुष्कळ खराब झाली. पेव उघडल्यावर कोणी लगेच आत उतरत नाही. आत कोंडलेल्या हवेत प्राणवायू कमी असतो, माणूस गुदमरून दगावू शकतो. म्हणून झाकण काढून हवा खेळू देतात. कंदील दोरीने खाली सोडला आणि ज्योत विझली, तर अजून थांबायचं.

आता बघा, या थांबण्यात आपली अख्खी नामावली बसते. काळ्या पडद्यावर आधी फक्त पहारीचा मातीत बसणारा आवाज. मग तोंडावरची माती सरकवणारे हात. झाकण बाजूला होतं आणि काळं वर्तुळ दिसतं, इथे निर्मात्याचं नाव. पुढचा शॉट पायांचा: एका बाजूला चपला, दुसऱ्या बाजूला चिखल लागलेले अनवाणी पाय. कोणी बोलत नाही, कोणी हलत नाही. कलाकारांची नावं याच शॉटवर. कंदील दोरीने खाली जातो, पेवाच्या भिंतीवर पिवळा उजेड उतरत उतरत लहान होतो आणि त्या अंधारावर चित्रपटाचं नाव. ज्योत फडफडते. धाकटा पुढे सरकतो, थोरला त्याचा दंड धरतो. पुन्हा ते काळं वर्तुळ. नामावली संपली.

प्रेक्षकाला पेवाचं शास्त्र माहीत असायची गरज नाही. खाली काहीतरी कोंडलेलं आहे, दोघं दोन बाजूंना उभे आहेत आणि थांबणं भाग आहे, एवढं त्याच्या अंगात उतरतं. थोरल्याने दंड धरला तो काळजीने की अधिकाराने, हा प्रश्न पुढचे दोन तास चित्रपटाने सोडवायचा.

चित्रीकरणाच्या वेळी खऱ्या पेवात कलाकार किंवा कॅमेरामन उतरवू नका, कितीही उघडं ठेवलेलं असलं तरी. आतलं दृश्य हवंच असेल तर जमिनीवर मातीची गोल भिंत उभी करून घ्या.

हंगामाचा विचार संहितेच्या वेळीच करायला हवा. हळदीची काढणी साधारण जानेवारी ते मार्च, मग शिजवणं, उन्हात वाळवणं, ड्रमात पॉलिश. ड्रम फिरताना हळकुंडांची साल झडते आणि पिवळी धूळ कवडशात तरंगते, ती धूळ जूनमध्ये मिळणार नाही. उसाचं गाळप हवं असेल तर हिवाळा, कासची फुलं हवी असतील तर ऑगस्ट-सप्टेंबर, कृष्णेचं भरलेलं पात्र हवं असेल तर जुलै-ऑगस्ट. म्हणून नामावलीची दृश्यं पहिल्याच शेड्युलमध्ये धरा. ‘पॅचवर्कला’, म्हणजे राहिलेल्या तुकड्यांच्या चित्रीकरणाला, ‘बघू’ म्हटलं की शेवटी ड्रोनच उडतो.

वाईजवळच्या मेणवलीच्या घाटाबद्दल थोडं स्पष्ट लिहितो. घाट देखणा आहे यात शंका नाही. पण ‘स्वदेस’ (२००४) सारख्या मोठ्या हिंदी चित्रपटांनी तो देशभर नेला आहे. तुमच्या नामावलीत तो दिसला की प्रेक्षकाला आधी बाकीचे चित्रपट आठवतील. घाटावरचं दृश्य चित्रपटात जरूर घ्या, सुरुवात मात्र दुसरीकडून करा.

कार्डांचा हिशोब

एक कार्ड म्हणजे एका वेळी पडद्यावर येणारी नावं. आधी किती कार्डं ते मोजा, मग वेळ काढा. साध्या कार्डाला, म्हणजे एक काम आणि एक नाव असेल तर, तीन ते चार सेकंद. सेकंदाला २४ फ्रेमच्या हिशोबाने ७२ ते ९६ फ्रेम. खात्री करायची सोपी रीत अशी की नाव मोठ्याने, सावकाश वाचा आणि त्यात अर्धा श्वास मिळवा. मराठी नावं लांब असतात, वडिलांच्या नावासह तर आणखी लांब, त्यामुळे इंग्रजी चित्रपटाची वेळ तशीच उचलू नका.

वीस मिनिटांच्या लघुपटाला नऊ कार्डं धरा. साडेतीन सेकंदांप्रमाणे साडेएकतीस सेकंद, चित्रपटाच्या नावाला सहा, कार्डांमधल्या मोकळ्या जागांचे मिळून नऊ, आधी-नंतरचे चार. एकूण पन्नास सेकंदांच्या आसपास. लघुपटाला यापेक्षा जास्त नको. पूर्ण लांबीच्या चित्रपटाला दोन ते अडीच मिनिटं मिळतात. त्याहून लांबली तर आतल्या कृतीत नवं काहीतरी घडायला हवं.

मधल्या मोकळ्या जागांवर लोक काटकसर करतात, ते मला पटत नाही. नाव गेल्यावर एक सेकंद नुसतं चित्र राहिलं की प्रेक्षक वाचणं सोडून बघायला लागतो. संथ ड्रामात नाव शॉट स्थिरावल्यावर यावं आणि कट होण्याआधी जावं. अस्वस्थता हवी असेल तर उलट करा: नाव कटवरच आणा, म्हणजे डोळ्याला एकाच क्षणी दोन कामं करावी लागतात. एकदा एक रीत धरली की ती मोडू नका. मोडायचीच असेल तर एकदाच, चित्रपटाच्या नावाला.

ऋणनिर्देशाची यादी शेवटी न्या. ग्रामपंचायत, सरपंच, जेवणाची सोय करणारे पाहुणे यांचे आभार मानायलाच हवेत. पण ती यादी सुरुवातीला आली की बांधलेली लय सुटते. मंडळींना आधी समजावून सांगितलं तर कोणी रागावत नाही.

अक्षरं

अक्षरांचा शोधही गोष्टीच्या जगातच घ्या. हळदीच्या चित्रपटात पोत्यावर स्टेन्सिलने मारलेल्या अडतीच्या मार्क्याची अक्षरं बघा, कडेला शाई थोडी फुटलेली. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावातली, घराघरांतून फौजेत गेलेल्यांची गोष्ट असेल, तर काळ्या लोखंडी ट्रंकेवर ब्रशने रंगवलेलं नाव आणि नंबर डोळ्यांपुढे आणा. पांढरा ऑइलपेंट, थोडी वाकडी ओळ. आईच्या घरी पडून असलेल्या ट्रंकेवर ब्रश फिरतोय आणि एकेक नाव उमटतंय, यावर एक सबंध नामावली उभी राहू शकते.

हाताने लिहून घेणं शक्य असेल तर तेच करा. मराठीला कमल शेडगे यांच्यासारखे अक्षरकार लाभले. नाटकाच्या जाहिरातीत नुसतं नाव वाचून नाटक गंभीर की विनोदी हे कळावं, अशी त्यांची अक्षरं असत. गावातला बोर्ड रंगवणारा पेंटर असेल तर त्याच्याकडून चित्रपटाचं नाव पाच-सहा प्रकारे लिहून घ्या, स्कॅन करा. त्याला मानधन द्या आणि नामावलीत त्याचं नावही घ्या.

फाँट वापरायचा असेल तर मुक्त परवान्याचे चांगले देवनागरी फाँट उपलब्ध आहेत. ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्ता’ साधा आणि स्वच्छ आहे. ‘टायरो देवनागरी मराठी’ हा फाँट पुस्तकी, जरा भारदस्त. त्यात पाकळ्यांचा ल आणि देठाचा श मराठी वळणाचे मिळतात, हिंदी वळणाचे नाहीत. हा फरक बारीक वाटेल, पण मराठी वाचत वाढलेल्या डोळ्याला तो जाणवतो.

सॉफ्टवेअरमध्ये या गोष्टी तपासा. जोडाक्षरं फुटत नाहीत ना? ‘क्ष्मी’, ‘र्‍या’, ‘ट्ट’ टाइप करून बघा. फुटत असतील तर मजकुराच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांसाठीचा पर्याय असतो, तो चालू करा. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका. रोमन अक्षरांना ते शोभतं, आपल्याकडे शिरोरेघ तुटून शब्दाचे तुकडे होतात. दोन ओळींमध्ये मोकळी जागा जास्त ठेवा, नाहीतर वरचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. अक्षरं फार बारीक नकोत, जुन्या थिएटरच्या प्रोजेक्टरवर ती विरून जातात. पडद्याच्या चारही कडांपासून निदान दहा टक्के आत राहा.

आवाज

चित्र बंद करून नुसता आवाज ऐकला तरी वेग आणि अंतर कळलं पाहिजे. म्हणून मी संगीतकाराकडे जाण्याआधी जागेवरचे आवाज गोळा करायला सांगतो. पेवाच्या चित्रपटात पहार, माती, झाकणाची घसट, दोरीची करकर, दूर कुठेतरी ट्रॅक्टर. कंदील खाली जाईल तसा आवाज बदलतो, पोकळ होतो. एवढ्यावर नामावली चालत असेल तर संगीत घालूच नका.

संगीत हवंच असेल तर मिरज हाकेच्या अंतरावर आहे. तिथल्या सतारमेकरांच्या दुकानांत तंबोरा जुळताना ऐकून या. घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली सुताचा धागा सरकवत जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद, खुलवतात. धागा नेमक्या जागी आला की कोरडी तार एकदम भरून बोलायला लागते. ही आवाजाची कृती आहे, तिलाही स्वतःचा वेळ आहे. भावांच्या चित्रपटात तंबोरा जुळत येतो आणि शेवटचा किंचित वळसा राहतो. सूर लागलाय असं वाटत असताना नामावली संपते. प्रेक्षकाला संगीत कळत असो वा नसो, ते अपुरेपण कानाला लागतं. मग शेवटच्या प्रसंगात तो वळसा पुरा करायचा की नाही, हा निर्णय दिग्दर्शकाचा. हे ध्वनिमुद्रण दुकानात जाऊन, कारागिराची परवानगी घेऊन करा, सिंथेसायझरवरचा तंबोरा नको.

सुरांपेक्षा मोठी चूक आवाजाच्या पातळीत होते. नामावली दणदणीत आणि पहिला प्रसंग कुजबुजीचा, असं झालं की पहिले चार संवाद वाया जातात. नामावली पहिल्या प्रसंगाच्या पातळीवर किंवा तिच्याखाली ठेवा.

जुनं भावगीत किंवा कुणाच्या आवाजातला प्रसिद्ध अभंग परवानगीशिवाय वापरू नका. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे आहेत, पण त्याला लावलेली चाल आणि केलेलं ध्वनिमुद्रण कुणाच्या तरी मालकीचं असतं. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो, आणि कवी-संगीतकारांचा त्यांच्या निधनानंतर ६० वर्षं. अभंग हवा असेल तर गावातल्या भजनी मंडळाकडून पारंपरिक चालीत नव्याने गाऊन घ्या आणि लेखी संमती घ्या.

आधी काय दिसतं आणि नंतर काय येतं

थिएटरमध्ये तुमच्या नामावलीआधी सेन्सॉरचं प्रमाणपत्र येतं. चित्रपटात कोणी तंबाखू मळताना किंवा बिडी ओढताना दिसत असेल तर ३० सेकंदांचा आरोग्यसंदेश आणि २० सेकंदांचा इशारा सुरुवातीलाच दाखवावा लागतो. मग निर्मितीसंस्थांची बोधचिन्हं. एवढ्या गोंगाटानंतर दोन-तीन सेकंद पूर्ण काळोख आणि शांतता ठेवा. कट करताना हा भागही टाइमलाइनवर जोडून बघा, नुसती नामावली वेगळी बघितली तर अंदाज चुकतो.

नामावलीचा शेवटचा शॉट आणि पहिल्या प्रसंगाचा पहिला शॉट एकत्रच आखा. पेवाच्या काळ्या वर्तुळावरून थेट अडतीच्या दुकानातल्या पांढऱ्या गादीवर कट केला तर भावाभावांचं अंतर वाढतं. वर्तुळावरून घरातल्या चुलीच्या तोंडावर गेलात तर घर जवळ येतं. कधीकधी आधी एक प्रसंग आणि मग नामावली असा क्रमही चालतो. पण तो प्रसंग धक्का देणारा किंवा प्रश्न टाकणारा असेल तरच. नामावलीचा कंटाळा टाळण्यासाठी तो क्रम निवडू नका.

तपासणी आणि शेवटचे कागद

कट तयार झाला की संहिता न वाचलेल्या पाच-सहा जणांना फक्त पहिली तीन मिनिटं दाखवा. त्यात एखाद्या घरच्या वडीलधाऱ्या बाई असाव्यात, एखादा कॉलेजातला पोरगा असावा. ‘आवडलं का’ असं विचारू नका, तोंडावर सगळे हो म्हणतात. ‘ही कुणाची गोष्ट असेल? पुढे काय होईल असं वाटतं? त्या दोघांचं नातं काय?’ हे विचारा. नंतर तीच नामावली आवाज बंद करून आणि मग चित्र झाकून दाखवा. तिन्ही वेळा उत्तरं एका दिशेने जात असतील तर काम झालं. बघताना लोकांच्या हातांकडे लक्ष ठेवा. कुठल्या कार्डाला हात फोनकडे गेला ते टिपून ठेवा आणि तिथे कट करा.

मोठ्या पडद्यावर आणि मोबाइलवर, दोन्हीकडे बघा. यूट्यूबवर जाणारा लघुपट बहुतेक जण फोनवरच बघणार आहेत.

नामावलीत बैल, घोडा असा प्राणी असेल आणि चित्रपट सेन्सॉरकडे जाणार असेल, तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी चित्रीकरणाच्या आधीच घ्यावी लागते. ऊसवाहतुकीची बैलगाडी सहज रस्त्यावर दिसली म्हणून टिपली, असं चालत नाही. कासच्या पठारासारख्या संरक्षित जागी वनविभागाची परवानगी वेगळी.

सगळ्यांत शेवटी नावं. प्रत्येकाला फोन करून नाव कसं लिहायचं ते विचारा: र्‍हस्व-दीर्घ, वडिलांचं नाव हवं की नको, आडनाव आधी की नंतर, लग्नाआधीचं की नंतरचं. व्हॉट्सअॅपवर तुम्ही लिहिलेलं कार्ड फोटो म्हणून पाठवा आणि ‘बरोबर आहे’ असं लेखी उत्तर मागवा. यादी एका माणसाने मोठ्याने वाचावी, दुसऱ्याने पडद्यावर बोट ठेवून तपासावी. मग अंतिम फाइल काढा आणि मजकुराचे थर असलेली मूळ फाइल वेगळ्या डिस्कवर जपून ठेवा. महोत्सवासाठी इंग्रजी नावांची प्रत मागितली तर तिच्यावरूनच ती करता येईल.